सप्लाय देण्याआधी

माझ्या लॅबमध्ये वीज विचारल्याशिवाय येत नसे.

मोटरीला सप्लाय द्यायची वेळ आली, की स्विचपाशी उभ्या असलेल्याने मोठ्यांदा "देतोय!" म्हणायचं. मुलगी असेल तर "देतेय!" मग त्या टेबलाभोवतीच्या बाकीच्यांनी हातात जे काही असेल ते खाली ठेवायचं, दोन्ही हात खांद्यापर्यंत वर करायचे, आपल्या बाजूच्या वायरी एकदा नजरेखालून घालायच्या आणि सगळं ठीक दिसलं तरच "द्या!" म्हणायचं. एकाने जरी म्हटलं नाही, तरी स्विचला हात लावायचा नाही. मग तो शिंकत असो, नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे बघत असो. थांबायचं.

नवी मुलं पहिल्या दिवशी हसत. दरोडेखोर पकडल्यासारखं वाटतं, म्हणत. कॉलेजभर माझं नाव 'हात वर मॅडम' पडलं होतं, आणि ते मला ठाऊक नाही अशी सगळ्यांची समजूत होती. मी ती समजूत मोडली नाही. नावं ठेवून घेतल्याशिवाय पुण्यात कुणाला शिकवता येत नाही.

ही पद्धत माझी नव्हे. मी याच कॉलेजात, याच लॅबमध्ये विद्यार्थिनी होते तेव्हा आमच्या सरांनी ती लावून दिली. सरांच्या डाव्या तळव्यावर भाजल्याचा एक जुना, चकाकणारा डाग होता. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि विचारायची आमची छाती झाली नाही. आम्ही चौघं एका टेबलावर असायचो. तीन मुलगे आणि मी. आख्ख्या वर्गात मी एकटीच मुलगी असल्यामुळे "देतेय!" हा शब्द त्या हॉलमध्ये माझ्याच आवाजात निघायचा, आणि तो निघाला की पलीकडच्या टेबलांवरचेही काही जण उगाच हात वर करायचे. सर ओरडायचे, "तुमची मोटर बघा, तिची नको!"

पदवी मिळाल्यावर मी पिंपरीच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेले. सगळी उत्तरं बरोबर दिली. शेवटी साहेब म्हणाले, मशिनशॉपमध्ये बायकांसाठी सोय नाही. मी म्हटलं, मग करा. त्यांना माझं उत्तर विनोदी वाटलं असावं, कारण ते बराच वेळ हसले आणि नोकरी दिली नाही. परत येऊन सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं झालं. कारखान्याला एक इंजिनिअर कमी पडेल, त्याला आपला काय इलाज?" त्यांनीच मला व्याख्याती म्हणून अर्ज करायला लावला. अशी मी शिकवायला लागले. हौसेने नाही लागले, पण हौस नंतर आली आणि मग गेली नाही.

संसार सांभाळत एम.ई. केलं, पीएच.डी. केली. विषय होता, मोटरीच्या आवाजावरून तिच्यातला बिघाड कसा ओळखायचा. हे बँकेत होते आणि विजेशी त्यांचा संबंध बिल भरण्यापुरता होता. माझा प्रबंध मान्य झाला त्या दिवशी जेवताना म्हणाले, "मोटरीचं दुखणं तुला आवाजावरून कळतं. माझा खोकला मात्र महिनाभर ऐकू येत नाही." तेव्हा मी त्यांना डॉक्टरकडे नेलं.

लॅब तळमजल्यावर होती. उंच छताचा लांब हॉल, काँक्रीटच्या चौथऱ्यांवर बोल्ट मारून बसवलेल्या हिरव्या रंगाच्या मोटरी, प्रत्येकीच्या दांड्याला जोडलेला एकेक जनरेटर, आणि भिंतीला संगमरवरी पॅनेल, ज्यांच्यावरची पितळी बटणं वर्षानुवर्षांच्या अंगठ्यांनी गुळगुळीत झालेली. सकाळी दार उघडलं की वार्निशचा आणि तेलाचा वास यायचा. पहिली मोटर सुरू झाली, तिचा आवाज चढत चढत एका जागी येऊन स्थिरावला, की माझा दिवस सुरू व्हायचा. घरात चहा होऊन गेलेला असायचा, पण दिवस इथेच सुरू व्हायचा.

मग देश मोकळा झाला, असं सगळे म्हणायला लागले. दुकानांत परदेशी टीव्ही आले, बँकेत यांच्या टेबलावर कॉम्प्युटर आला आणि सदाशिव पेठेत ज्या जिन्याखाली पूर्वी पिठाची गिरणी किंवा सायकलचं दुकान असे, तिथे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. आमच्याकडे नोकऱ्या द्यायला कंपन्या येऊ लागल्या. त्या पूर्वीही यायच्या, पण आता येणाऱ्यांना मुलाची शाखा कुठली याच्याशी देणंघेणं नव्हतं. कोड्यांचा एक पेपर द्यायचा, कोडी सुटली की नोकरी. माझ्या वर्गातला जो मुलगा मोटरीत पहिला यायचा, तो कोड्यांतही पहिला यायचा आणि सॉफ्टवेअरला जायचा. पगार असे, की आकडा ऐकून स्टाफरूममध्ये जो तो आपल्या पगाराशी ताडून बघे. पालक भेटायला येत आणि अगदी नम्रपणे विचारत, "मॅडम, हा मशीन्सचा विषय पास होण्यापुरता करून घेतला तर चालेल ना?" मी सांगायची, मला चालेल, मोटरीला चालणार नाही.

आमच्या चौघांच्या टेबलावरचा एक जण एव्हाना आमच्याच कॉलेजचा प्राचार्य झाला होता. वर्गात तो पहिला यायचा, मी दुसरी. तो नेहमी म्हणे की पहिला येण्यात त्याला माझा जेवढा उपयोग झाला तेवढा पुस्तकांचा झाला नाही. चारचौघांत तो मला मॅडम म्हणायचा आणि मी त्याला सर. केबिनचं दार लागलं की पुन्हा अरे-अगं.

एका एप्रिलमध्ये त्याने मला बोलावलं आणि म्हणाला, "दार लावून घे."

मी ओळखलं की बातमी वाईट आहे.

"या सुट्टीत मशीन्स लॅब रिकामी करायची आहे."

"रंग काढायला?"

"रंग कसला, अगं. कायमची. आयटीची शाखा मंजूर झाली आहे. कॉम्प्युटरसाठी मोठा हॉल हवा, आणि एवढा मोठा हॉल दुसरा नाही. तुझी प्रॅक्टिकल्स संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात घेऊ. आठवड्यातून एकदा मुलांना बसने नेऊ."

"आणि मोटरी?"

"बहुतेक भंगारात जातील. दोन-तीन चांगल्या आवारात मांडू. शोभेला."

"मग मलाही मांड. शेजारी जागा असेल तर."

तो हसला नाही. पेन बंद करून टेबलावर ठेवलं. "चिडू नकोस. मला एकच सांग. लॅब ठेवायची ती कोणासाठी? तू जीव तोडून शिकवतेस, मान्य. पण इथून मोटर शिकून मोटरीकडे गेलेला मुलगा कुठे आहे? यंदाच्या वर्गातला एक दाखव. एकच."

मी एक नाव लगेच घेतलं.

हा मुलगा अमरावतीकडचा होता. पेठेत कॉट बेसिसवर राहायचा, मेसचा डबा खायचा, वर्गात मागे बसायचा आणि लॅबमध्ये मात्र कुणी न सांगता पुढे यायचा. सगळी मुलं "द्या!" म्हणायची, तेव्हा हा म्हणायचा, "द्या न बाप्पा!" पहिल्यांदा म्हणाला तेव्हा टेबल हसलं होतं. मीही हसले होते, पण मग माझ्या लक्षात आलं, की हे म्हणण्याआधी तो खरोखर सगळ्या वायरी बघून घेतो. बाकीचे बघितल्यासारखं करत. त्याच्या गावात दिवसचे दिवस वीज नसायची. वीज मंडळात जायचं, असं तो मला म्हणाला होता, आणि अर्जही केला होता.

"ठीक आहे," प्राचार्य म्हणाला. "नियामक मंडळ लॅब बघायला येणार आहे. तुला जे दाखवायचं ते त्यांना दाखव. मोटर दाखव, मुलगा दाखव. त्यांना पटलं तर मी अडवणार नाही. पण माझं मत मी त्यांना सांगितलेलं आहे, हे तुला आधीच सांगतो."

त्याचा मला राग आला आणि त्याच्या प्रामाणिकपणाचा त्याहून जास्त राग आला.

दोन-चार दिवसांनी तो अमरावतीचा मुलगा पेढे घेऊन लॅबमध्ये आला. सॉफ्टवेअर कंपनीचं बोलावणं आलं होतं.

"अरे, आणि वीज मंडळ?" मी विचारलं.

"अर्ज केला होता न मॅडम. पण त्यायचं काही येऊनच नाही राहिलं. हे आधी आलं." मग चाचरत म्हणाला, "बाबा म्हणते, लाइनमधी कायले जातं, आपल्या इकडे लाइन तर राहतच नाही."

मी पेढा घेतला. "छान," म्हटलं. तो खूश होता, आणि खूश असण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. मला वाईट वाटलं ते त्याच्यासाठी नव्हे. माझ्याकडे दाखवायला एक मुलगा होता, तो आता नव्हता.

राहिली मोटर. तिला मी दोन दिवस खपून तयार केलं. साडीवर खाकी कोट चढवून स्वतः तिच्या दांड्यावरचा तांब्याचा गोल पट्टा बारीक पॉलिश पेपरने घासला, आतले कार्बनचे तुकडे बदलले, पितळ चिंचेने चकचकीत केलं. घरी आले तेव्हा नखांत काळं बसलेलं बघून हे म्हणाले, "मुलगी दाखवायची आहे का?" मी म्हटलं, तसंच समजा.

नियामक मंडळाचे तिघे जण आले. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त वकील, त्यांच्याबरोबर एक बांधकाम व्यावसायिक, आणि तिसरे वाघोलीचे जमीनमालक. नगर रस्त्यालगतची शेती सोन्याच्या भावाने गेल्यावर ते शिक्षणाकडे वळले होते. त्यांनी पॅनेलवर बोट फिरवून विचारलं, "ह्ये समदं पितळ हाय?" मी हो म्हटलं. "मग भंगारात बी चांगला भाव येईल," ते म्हणाले. वाईट हेतूने नाही, सहजच.

मी आधी त्यांना थोडक्यात समजावलं. या जातीच्या मोटरीचा एक विचित्र स्वभाव असतो. तिच्यातलं चुंबक कमजोर केलं, की ती मंदावत नाही, उलट जोरात पळायला लागते. म्हणून बाजूला एक सरकती मूठ असते, तिने चुंबकाचा जोर कमी-जास्त करता येतो. सुरू करताना मूठ या टोकाला हवी, म्हणजे जोर पूर्ण. मोटर सुरू झाली, की मग हळूहळू सरकवायची. हे दाखवताना मी मूठ उलट्या टोकापर्यंत नेली होती. आता ती परत आणायची आणि मोटर सुरू करायची, एवढंच राहिलं होतं. त्याआधी आमची पद्धत दाखवावी म्हणून मी पॅनेलकडे वळून म्हटलं, "आणि सप्लाय देण्याआधी आम्ही असं विचारतो. देतेय!"

माझ्यामागे धप्प असा आवाज झाला. प्राचार्याच्या हातातली फाइल जमिनीवर पडली होती, आणि तो, सूट-टायमध्ये, दोन्ही हात खांद्यापर्यंत वर करून उभा होता.

"द्या!" तो म्हणाला. म्हणजे ते त्याच्या तोंडून निघून गेलं.

तिघेही त्याच्याकडे बघत राहिले. त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग तो असा हसला, की इतक्या वर्षांत मी त्याला तसं हसताना बघितलं नव्हतं. सरांच्या लॅबमध्ये हसायचा तसा. अध्यक्षांनी विचारलं, हे काय? तेव्हा त्याने स्वतःच सगळं सांगितलं, सर, त्यांचा तळवा, एकाने विचारायचं आणि सगळ्यांनी बघून हो म्हणायचं. इतकं रंगून सांगितलं, की वाघोलीकरांनीही हात वर करून बघितले. माझ्या मनात आलं, जमलं. लॅब वाचली.

"थांबा मॅडम," तो म्हणाला, "मी करतो." आणि कोट काढून तो पॅनेलपाशी गेला. मुलं करतात तसंच, पाय थोडे फाकवून उभा राहिला. "देतोय!"

नियमाप्रमाणे मी हात वर केले आणि नजर टाकली. मूठ अजून त्याच, चुकीच्या टोकाला होती.

"अरे थांब!" मी ओरडले. चारचौघांत, प्राचार्याला, अरे.

पण नेमके त्याच क्षणी तिघेही पाहुणे, नुकतंच शिकलेलं म्हणून जोरात, एका सुरात म्हणाले, "द्या!"

त्याने दिला.

मोटर सुरू झाली ती नेहमीच्या आवाजात. मग तो आवाज जिथे स्थिरावायचा तिथे न थांबता चढतच राहिला. हुंकाराची शीळ झाली. चौथऱ्याचा हादरा पायांना जाणवला, पॅनेलवरच्या मीटरची काच थरथरली. मी दोन पावलांत पोचून मेन स्विच खाली ओढला. शीळ उतरत गेली, आणि मोटर थांबायला बराच वेळ लागला. तिघांचे हात अजून वरच होते.

"असं नेहमी होतं का?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"पोरांच्या हातात देता हे?" व्यावसायिक म्हणाले. "उद्या काही झालं, तर पेपरात संस्थेचं नाव येईल."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्राचार्य म्हणाला, "चूक माझी आहे." त्याला घाम आला होता. "मशीन ठीक आहे, मॅडम ठीक आहेत, त्या थांब म्हणत होत्या. मूठ बघायची राहिली, ती माझ्याकडून. मी या विषयात विद्यापीठात पहिला आलो होतो." मोटरीवर हात ठेवून तो म्हणाला, "केबिनमध्ये बसून मला आयुष्यभर वाटत राहिलं असतं, की मला हे येतं. मला येत नाही, हे आज इथे कळलं. माझं मत मी बदलतो. मुलांनी चुकायला ही जागा हवी."

मला त्याच्या बोलण्याने भरून आलं. मी मीटरच्या काचेला तडा गेला का, ते बघत असल्यासारखं केलं.

मंडळाला ते अर्धंच पटलं. म्हणून लॅबही अर्धीच राहिली. हॉलच्या मधोमध प्लायवुडची भिंत उभी राहिली. पलीकडे कॉम्प्युटर, गालिचा आणि एसी. अलीकडे मी, आणि उरलेल्या मोटरी. पलीकडच्या प्राध्यापकांची तक्रार असायची, की आमची मोटर सुरू झाली की त्यांचे पडदे थरथरतात. मी सांगायची, तुमच्या एसीच्या आवाजाचा विषय मी कधी काढला का?

त्याहून मोठा बदल म्हणजे प्राचार्य दर गुरुवारी लॅबमध्ये यायला लागला. पहिल्यांदा तो एकटाच आला, म्हणाला, मला पुन्हा शिकव. मी शिकवलं, आणि मूठ बघायला विसरला की पोरांना ओरडते तशी त्याला ओरडले. मग तो एक बॅच स्वतः घेऊ लागला. निवृत्त होईपर्यंत त्याने गुरुवार सोडला नाही. मुलं त्याला प्राचार्य म्हणून घाबरायची, पण गुरुवारी त्यांच्याबरोबर हात वर करून उभा राहणारा तो माणूस त्यांना आवडायचा. अमरावतीच्या मुलाच्या वर्गाने शेवटच्या परीक्षेआधीचे काही गुरुवार त्याच्याबरोबर काढले. ती सगळी बॅच सॉफ्टवेअरला गेली. त्यानंतरच्याही गेल्या.

त्याच्या निरोप समारंभानंतर, हारतुरे टेबलावर पडलेले असताना, त्याने पुन्हा दार लावून घ्यायला सांगितलं.

"तुझी लॅब ठेवली," तो म्हणाला. "पण पोरं तर सगळी तिकडेच गेली गं. इतकी वर्षं आपण हात वर करून उभे राहिलो, ते कोणासाठी?"

मी म्हटलं, "तुला मोटर सुरू करता येत नव्हती. आता येते. एवढं पुरे."

तो हसला. पण तो थट्टा करत नव्हता, आणि मी उत्तर दिलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पुढे मीही निवृत्त झाले. त्यानंतर काही दिवस वाघोलीच्या एका नव्या कॉलेजात शिकवायला जात होते, तिथे सगळं पडद्यावर होतं. पडद्यावर मूठ चुकीच्या टोकाला ठेवली, की आकडे लाल व्हायचे आणि मुलं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. कुणी दचकायचं नाही. घरी येताना बसमध्ये मला त्याचा प्रश्न आठवायचा. मला खरंच उत्तर सुचत नव्हतं, आणि याचं मला फार वाईट वाटायचं. माणसाने जन्मभर एक काम करावं आणि ते कोणासाठी केलं हे सांगता येऊ नये.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. सकाळी फिरून आला, पेपर उघडला आणि गेला. त्याने घरी सांगून ठेवलं होतं, की विधी नकोत, लाकडं नकोत, विद्युतदाहिनीत न्या. "जन्मभर विजेचं खाल्लं," असं म्हणायचा म्हणे.

मी स्मशानात गेले. त्याचे कुणी नातेवाईक हळूच म्हणाले की बायका सहसा आत येत नाहीत. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि ते बाजूला झाले. हे माझ्याबरोबर होते. यांनी माझी पिशवी धरली होती.

आत मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच गर्दी होती. हिंजवडीहून, खराडीहून, ऑफिसातून तसेच निघालेले लोक. गळ्यात ओळखपत्रं, पाठीला लॅपटॉपच्या बॅगा, कुणाचे केस पिकलेले, कुणाचे गेलेले. चेहरे ओळखायला मला वेळ लागला. कुणी नमस्कार केला, कुणी पाया पडायला वाकलं आणि जागा ओळखून थांबलं. मी कुणाशी फार बोलले नाही.

त्याला दाहिनीसमोरच्या लोखंडी गाड्यावर ठेवलं. त्याच्या मुलाने तेवढं शेवटचं पाणी घातलं. तिथला माणूस भिंतीवरच्या पॅनेलकडे गेला. त्याचं हे रोजचंच काम. बटणावर अंगठा ठेवून तो मागे न बघता म्हणाला, "सरका जरा मागे. देतोय."

माझे हात वर गेले. मी वर केले नाहीत, ते गेले.

शेजारी पिशवी घेऊन उभे असलेले हे माझ्याकडे बघायला लागले, मग माझ्या पलीकडे बघायला लागले, म्हणून मीही मान वळवली. ओळीने सगळ्यांचे हात वर होते. खांद्यापर्यंत, तळवे पुढे. एकाच्या दंडावरून लॅपटॉपची बॅग कोपरापर्यंत घसरली होती आणि ती सावरायला त्याने हात खाली घेतला नव्हता. नातेवाईक गोंधळून आमच्याकडे बघत होते. कुणी कुणाला खूण केली नव्हती.

बटणावरच्या माणसाने वळून बघितलं. इतके वर केलेले हात बघून त्याने अंगठा काढला. "काय झालं?" त्याने विचारलं.

आता "द्या" म्हणायला हवं होतं. सगळ्यांनी बघून झाल्यावर म्हणायचं असतं, नाहीतर स्विच दाबत नाहीत. मी प्रयत्न केला. आवाज निघाला नाही. ओळीतल्या कुणाचाच निघाला नाही. तो माणूस बिचारा थांबून राहिला.

मग मागून, पिकलेल्या मिशीच्या एका माणसाने, जो मघाशी फोनवर सफाईदार इंग्रजीत कुणाला तरी आपण येऊ शकत नाही असं सांगत होता, आधी गाड्याकडे, मग दाराकडे, मग पुन्हा गाड्याकडे नीट बघून घेतलं.

"द्या न बाप्पा," तो म्हणाला.

माणसाने बटण दाबलं. दार वर सरकलं, गाडा आत गेला. कोणासाठी, असं त्याने मला दोनदा विचारलं होतं, आणि उत्तर त्याच्या पाठीमागे हात वर करून उभं होतं. दार बंद होईपर्यंत कुणी हात खाली घेतले नाहीत.